मदत हवी आहे: कपाटामागच्या भिंतीला ओल

डोंबिवलीत मधल्या मजल्यावर राहतो. पावसाळा लागला की बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला कपाटामागे बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात, कपड्यांना कुबट वास येतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, घरातलाच दमटपणा, एसी कमी लावा. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफिंग करा. सल्ले दोन, खर्च माझाच!

भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटवून पाहिली. दोन दिवसांनी खोलीकडची बाजू कोरडी, भिंतीकडची ओली. म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय ना? बाहेर प्लास्टरला भेगाही दिसतात.

भर पावसात तात्पुरतं काय करता येईल? कपाट वीतभर पुढे ओढलंय. डिह्युमिडिफायरचा (हवेतला दमटपणा शोषणाऱ्या यंत्राचा) उपयोग होईल का? आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या लेखी नियमांप्रमाणे) सोसायटीकडे येते, तर अर्ज कसा लिहावा? कुणाकडे नमुना आहे का?