ऐन सामन्यात ॲप लटकलं तर भरपाई मिळायला हवी का?

फोडणीचा_भात: वर्गणी ठरल्या तारखेला खात्यातून बरोबर कापली जाते. पण सामन्याच्या शेवटच्या षटकात ते चक्र गरगर फिरायला लागलं की आपल्या वाट्याला फक्त ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. (ॲपचं नाव घेत नाही, सगळी एकाच माळेचे मणी.) ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त वेळ मोबाइल नेटवर्क गेलं तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत द्यावी लागते. मग ओटीटीवालेच तेवढे जावई का?

तिसरा_पंच: २४ तास! कुठलं ॲप सलग इतका वेळ बंद पाहिलंस? नेटफ्लिक्सने २०२१ च्या अखेरीस मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ वर आणला, त्याचाच हिशेब कर. दिवसाला पाच रुपये. दोन तास बंद म्हणजे चाळीस पैसे. घे आणि मजा कर.

कोकणकडा: हा हिशेब मालिकेला ठीक आहे, ती उद्याही बघता येते. सामना उद्या बघून काय करू, निकाल तर सोसायटीच्या ग्रुपवर आधीच आलेला असतो. लोक पॅक घेतात तेच त्या तीन तासांसाठी.

बिनसाखरेचा_चहा: सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी अडीच कोटींहून जास्त लोक बघत होते. धोनी धावबाद झाला आणि गर्दी ओसरली. वाटेल, सुटले बिचारे. पण सामना सोडणारा प्रत्येक जण बॅक दाबून मुख्य पानावर येतो, आणि ते पान उघडायला सर्व्हरला पुन्हा वेगळी कामं करावी लागतात. म्हणजे लोक आले तरी ताण, गेले तरी ताण! २०२३ च्या अंतिम सामन्याला हाच आकडा ५.९ कोटी होता. नेटफ्लिक्ससारखं बडं धेंडसुद्धा नोव्हेंबर २०२४ मध्ये टायसन-पॉल मुष्टियुद्धाला अडखळलं. शिवाय दोष कोणाचा? ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या क्लाउड केंद्रात (इतरांची ॲपही तिथल्या सर्व्हरवर चालतात) बिघाड झाला आणि जगभरची असंख्य ॲप आडवी झाली. आणि तुमच्या घरचा वायफाय रडत असेल तर?

फोडणीचा_भात: वायफायची सबब चालणार नाही. मी जाहिरात किती सेकंद बघितली हे त्यांना नेमकं कळतं. मग सामना किती सेकंद अडकला हे कळत नाही होय?

कोकणकडा: जाहिरातीवरून आठवलं. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून पैसे भरूनही जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला ६९९ आणखी मोजा, असा भाव तेव्हा लावला. सोय काढून घेताना दर ठरवता येतो, भरपाई देतानाच गणित अवघड जातं.

तिसरा_पंच: तो व्यवसाय आहे रे, धर्मशाळा नाही. भरपाई सक्तीची केली की तो खर्च पुढच्या वर्षीच्या वर्गणीत येणार. ज्याच्याकडे काहीच बिघडलं नाही त्याने तुझी भरपाई का भरायची?

फोडणीचा_भात: रोख नकोच. थेट प्रक्षेपण कंपनीच्या बाजूने तुटलं आणि नोंदीत ते दिसलं, तर त्या खात्यांची मुदत आठवडाभर वाढवा.

तिसरा_पंच: आठवडा कशाला? दोन दिवस. आणि नोंद तपासणार कोण, कंपनीच?

बिनसाखरेचा_चहा: नोंद ग्राहकालाही दिसली पाहिजे. एवढं झालं तर माझी हरकत नाही.