फोर्ट कोची एका दिवसात: ४ आणि ७ वर्षांची मुलं

एर्नाकुलमला मुक्काम आहे. डिसेंबरमधला शुक्रवार हाताशी आहे. मुलं न कंटाळता काय काय होईल?

उत्तर १
शुक्रवार असेल तर वार बदला! मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो, १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी. रविवार ते गुरुवार निवडा. टॅक्सीपेक्षा हायकोर्टाच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रो (बोट) घ्या, मुलांची अर्धी सहल तिथेच होते. सकाळी लवकर पोहोचून आधी मासे पकडायची चिनी जाळी बघा. दोरांना लटकवलेले दगड जाळ्याचं वजन तोलतात, म्हणून चार-पाच जणांना ते उचलता येतं. मुलांना दगड मोजायला लावा. मात्र तिथल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरवू नका, बंदराच्या तोंडाशी ओढ जोरदार असते.

उत्तर २
जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिस चर्च चालत जवळ आहे. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. दहा मिनिटं पुरेत. तिथून मट्टनचेरी दोन-अडीच किलोमीटर. उन्हात चालवू नका, रिक्षा करा. राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आणि पालख्या आहेत, सात वर्षांच्या मुलाला त्या नक्की आवडतील. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे ठेवा. जमिनीवरच्या निळ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, फरक शोधायचा खेळ छान रंगतो.

उत्तर ३
बाबागाडी नकोच, पायऱ्या फार. जवळच चेरलाईत कोकणी बोलणारी वस्ती आहे, कान देऊन ऐका.