मदत हवी आहे : फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमची रोजची हजेरी कमी करायची आहे

चहाबिस्किट
सद्यस्थिती अशी: डॉनट्रेल विस्ताराची मुख्य कथा पूर्ण, पॅलाडिन आणि व्हाइट मेज हे दोन्ही जॉब १०० लेव्हलला, कॅरेक्टर एकच. छोटं घर आहे, स्वतःच्या नावावर, फ्री कंपनीचं (खेळाडूंच्या गटाचं) नाही. स्टँडर्ड सबस्क्रिप्शन, दर ३० दिवसांनी १४.९९ डॉलर. रोज एक्स्पर्ट, लेव्हलिंग, अलायन्स रेड, ट्रायल्स आणि मेन सिनॅरिओ अशी पाच रुलेट (गेम यादीतली कोणतीही मोहीम लावून देतो, रोज एकदा बोनस), वर ट्राइबच्या (गेममधल्या जमातींच्या) १२ क्वेस्ट. वेळ भरपूर जातो आणि नवं काहीच दिसत नाही. गेम आवडतो, पण लॉगिन करताना ड्यूटीवर निघाल्यासारखं वाटतं (विनोद अभिप्रेत नाही). काय सोडलं तर नुकसान होणार नाही? आणि सबस्क्रिप्शन मध्येच बंद ठेवलं तर घर जातं का? "दुसरा गेम खेळ" हा सल्ला मिळून झालाय, तो कृपया नको.

उंटावरून
पाचातली तीन रुलेट आजच सोडा.

लेव्हलिंग रुलेटचं मुख्य बक्षीस एक्स्पी. दोन्ही जॉब १०० ला, म्हणजे ते तुमच्या काही कामाचं नाही. शिवाय लेव्हल सिंक, म्हणजे तुमची लेव्हल मोहिमेइतकी खाली आणली जाते. सस्ताशा हे सुरुवातीचं डंजन लागलं की तुम्ही १५ च्या आसपास उतरता, नंतर शिकलेली कौशल्यं बंद आणि उरलेली दोन-चार बटणं दाबत बसायचं. कंटाळा मजकुराचा कमी आणि हात बांधल्याचा जास्त असतो. मेन सिनॅरिओमध्ये फिरून फिरून कॅस्ट्रम, प्रेटोरियम नाहीतर पोर्टा डेक्युमाना याच जुन्या मोहिमा. ६.१ पॅचला (गेमच्या सुधारित आवृत्तीत) त्यांची दुरुस्ती झाली, पहिली दोन चौघांची डंजन झाली, पण कटसीन आजही गाळता येत नाहीत. अलायन्स रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमांत) क्रिस्टल टॉवर सारखा लागतो, कारण ५.३ पासून तो मुख्य कथेसाठी सक्तीचा आहे. तो सगळ्यांकडे उघडलेला असतो, बाकीच्या रेड तशा नसतात.

एक्स्पर्ट आणि ट्रायल्स ठेवा, पण तीही रोज नको. एक्स्पर्टमध्ये चालू पॅचची दोन-तीन डंजन असतात आणि प्रत्येकाची ठेवण तीच: दोन कळप, भिंत, दोन कळप, बॉस, असं तीनदा. आठवड्याचे ४५० टोमस्टोन (गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखत घ्यायचं चलन) भरले की मंगळवारी दुपारी दीडपर्यंत (भारतीय वेळ) त्याला हात लावायचं कारण नाही.

चहाबिस्किट
४५० पुढच्या आठवड्यात नेता येत नाहीत ना? एक आठवडा चुकला की गिअरमध्ये मागे पडायला होतं, म्हणून तर रोजची धडपड.

उंटावरून
नेता येत नाहीत, बरोबर. पण आकडे मांडून बघा. बॉडी आणि लेग्ज प्रत्येकी ८२५, हेड-हँड्स-फीट प्रत्येकी ४९५, चार दागिने प्रत्येकी ३७५, शस्त्र ५००. एकूण ५१३५. ४५० ने भागा, १२ आठवडे. आता पॅचच्या तारखा: ७.१ आलं १२ नोव्हेंबर २०२४ ला, ७.२ आलं २५ मार्च २०२५ ला, ७.३ आलं ५ ऑगस्ट २०२५ ला. दोन्ही वेळा अंतर बरोबर १३३ दिवस, म्हणजे १९ आठवडे. आणि नवा मर्यादित टोमस्टोन फक्त सम क्रमांकाच्या पॅचला येतो, म्हणजे हातात १९ नाही, ३८ आठवडे. त्यातले २६ वाया घालवले तरी एका जॉबचा संच पुरा होतो. सॅव्हेज (कठीण रेड) पहिल्या आठवड्यात मारायचं असेल तरच घाई, आणि ती मंडळीही सुरुवात क्राफ्टेड (खेळाडूंनी बनवलेल्या) गिअरवरच करतात.

पुढचा सम पॅच आला की जुन्या टोमस्टोनची साप्ताहिक मर्यादा उठते, हेही लक्षात असू द्या.

सातबारा
घराचं मी सांगतो. मालक ४५ दिवस घरात शिरला नाही तर घर पाडलं जातं. ३० दिवसांनंतर पाडकामाच्या तयारीचा शेरा लागतो. शिरणं म्हणजे दारातून आत, अंगणात उभं राहिलेलं चालत नाही. वैयक्तिक घराला फक्त मालकाची हजेरी चालते. टेनंट म्हणून जोडलेला मित्र रोज आत जाऊन झोपला तरी मोजणी थांबत नाही (फ्री कंपनीच्या घरात कोणीही सदस्य गेला तरी पुरतं). पाडल्यावर सामान ३५ दिवसांच्या आत केअरटेकरकडून सोडवून घेता येतं, प्लॉट मात्र गेला तो गेला. अपार्टमेंटला हा नियमच नाही.

तेव्हा सलग दोन महिने बंद ठेवू नका, असं करा: पॅचच्या दिवशी ३० दिवस भरा. शेवटच्या दिवशी घरात जाऊन या. ७० व्या दिवशी पुन्हा ३० दिवस भरा, त्याच दिवशी आत शिरा. मधलं अंतर ४० दिवस, सुरक्षित. १०० व्या दिवशी पुन्हा हजेरी, तिथून पुढच्या पॅचपर्यंत ३३ दिवस. १३३ दिवसांत पाचाऐवजी दोनच महिन्यांचे पैसे. भूकंपासारख्या आपत्तीत कंपनी पाडकाम थांबवते, पण त्या भरवशावर राहू नका.

एकच कॅरेक्टर असेल तर एंट्री प्लॅन घ्या, ३० दिवसांचे १२.९९. एका वर्ल्डवर एक कॅरेक्टर, एकूण आठ, एवढीच अट. स्टँडर्डचा १८० दिवसांचा प्लॅनही महिन्याला १२.९९ च पडतो, पण तो घेतला की "पैसे भरलेत तर खेळायलाच हवं" हे भूत मानगुटीवर बसतं. तुमचं अर्धं दुखणं तेच दिसतंय.

मूकवाचक
मधल्या काळात फ्री ट्रायलवर खेळता येईल की. स्टॉर्मब्लडपर्यंत, ७० लेव्हल, वेळेची मर्यादा नाही.

सातबारा
त्याच अकाउंटवर नाही. एकदा पूर्ण आवृत्ती लावली की ट्रायलला परत जाता येत नाही. वेगळं अकाउंट काढाल तर शून्यापासून सुरुवात, ३ लाख गिलची (गेममधल्या पैशांची) मर्यादा आणि मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) बंद. कंटाळ्यावर तेच डंजन पहिल्यापासून, हा काय उतारा झाला?

चहाबिस्किट
दोघांचेही आभार. एंट्रीला उतरतो. आठवड्यातून तीनच संध्याकाळी बसायचं ठरवलं तर ४५० भरतील का?

उंटावरून
भरतील, वेळ नीट निवडा. रोजचा रिसेट भारतीय वेळेनुसार रात्री ८:३० ला. साडेसातला बसा, एक्स्पर्ट आणि ट्रायल्स आटपा, जेवून घ्या, ८:३० नंतर तीच दोन पुन्हा. एका बैठकीत दोन दिवसांचा बोनस, तीन संध्याकाळी सहा दिवसांचा. ट्राइबच्या १२ क्वेस्टही अशाच दोनदा होतात, पण ज्या ट्राइबची रँक पूर्ण झालीय त्या सोडूनच द्या. थोडे कमी पडले तर चालू विस्तारातल्या ए-रँक मार्कची (बड्या शत्रूंची) हंट ट्रेन, म्हणजे गटाने एकामागून एक शिकार, पकडा, त्यातही मर्यादित टोमस्टोन मिळतात.

आणि इडिलशायर गावातल्या क्लोई या पात्राकडून वंड्रस टेल्सची (ठरवून दिलेल्या मोहिमांची) वही घ्या. १६ पैकी ९ शिक्के, मुदत दोन आठवडे. त्यात जुन्या एक्स्ट्रीम ट्रायल्स येतात, त्या अनसिंक करून (लेव्हल न उतरवता) एकट्याने उडवता येतात. १०० लेव्हलची सगळी बटणं हातात असतात.