घडीचा चाकू : तुमच्या घरात कोणाचा आहे?

रामबागकरीण
काल खंडेनवमी. पाटावर विळी, कात्री, पान्हे, मुलाची कंपासपेटी, यांचा लॅपटॉप असं सगळं मांडलं आणि शेवटी आजोबांचा चाकू काढला. वर्षभर तो शिवणाच्या डब्यात तळाशी असतो, पूजेपुरता वर येतो. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. आज आवरताना सहज पातं उघडून मिटलं. टक्. तेवढ्या आवाजाने मी आठ वर्षांची झाले, हातातलं काम तसंच राहिलं.

आजोबा ड्रॉइंग मास्तर. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रकला शाळा काढली, तिथे शिकलेले. चित्रकार बेंद्रे, हुसेन ज्या शाळेतून पुढे गेले तीच. आजोबांनी मात्र जन्मभर मुलांना हातात पेन्सिल धरायला शिकवलं. आमच्या घरात शार्पनर कधी आलाच नाही. संध्याकाळी ओट्यावर कालची नई दुनिया पसरून ते आम्हा चौघा नातवंडांच्या पेन्सिली तासायचे. उजवा हात चाकू नुसता धरायला. ढकलायचं काम डाव्या अंगठ्याचं, पात्याच्या पाठीवरून. ढलप्या लांब, पातळ, केसांच्या बटेसारख्या वळलेल्या. लाकूड मागे सरून इंचभर शिसं बाहेर आलं की पातं उभं धरून ते खरवडायचे. ती काळी पूड कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची, चित्रात सावली द्यायला बोटाने लावायची. आणि मग टक्. म्हणजे आता उठा, शुभंकरोती.

दोन पात्यांचा आहे, मूठ हाडाची, पिवळट पडलेली. मोठ्या पात्याच्या बुडाशी एक चांदणी, एक क्रूस आणि जोसेफ रॉजर्स, शेफील्ड एवढं वाचता येतं. लहान पातं गंजून बसलंय. मोठ्याचं टोक गोल आहे, बहुतेक मुलांना लागू नये म्हणून तसंच येत असावं.

तुमच्याकडे आहे का असा कोणाचा? रामपुरी, स्विस, कुठलाही घडीचा. जमवणाऱ्यांनी तर लिहाच, पण कोणाचा होता ते नक्की लिहा.

जुनीइंदूर
शिशाची पूड!! आमच्याकडे पण पुडी असायची. आज पहिल्यांदा कळलं की दुसऱ्या घरांतही होती.

पारिजात
माझा नवा आहे पण जीव आहे त्याच्यावर. भाऊ फ्रान्समध्ये ल्योंला असतो, त्याने ओपिनेल आणला, आठ नंबरचा. बीचच्या लाकडाची मूठ, पात्यावर मुकुट घातलेला हात. सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी बनवायला सुरुवात केली, नंबर एक ते बारा अशी मापं होती. मुठीच्या गळ्याशी कडं आहे, फिरवलं की पातं अडकतं, मिटत नाही. ते कडं १९५५ मध्ये आलं, आधी नव्हतं.
पहिल्याच दिवशी कैरी चिरली आणि पुसायला विसरले. पातं निळंकाळं. मी रडकुंडीला, भाऊ फोनवर म्हणे अगं हेच तर हवं, आता तो तुझा झाला. तेव्हापासून मुद्दाम कैरी, लिंबू, डाळिंब. पात्यावर ढगांसारखी नक्षी आलीय. गंज वेगळा हं, गंज लाल असतो नि बोटाला लागतो.
आले, दूध उतू जातंय

शिंगमूठ
रामबागकरीण ताई, चांदणी आणि माल्टीज क्रूस ही रॉजर्सचीच खूण. आता भिंग घेऊन त्याच जागी मुकुट दिसतो का बघा. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आर असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ किंवा आधीचा. जी आर असेल तर राजा जॉर्जचा काळ, म्हणजे १९१० नंतरचा. आपल्याकडे त्या काळी चांगला चाकू म्हणजे रॉजर्सचा, इतकं ते नाव घरोघर होतं. पाती साध्या पोलादाची, गंजणारच. गंजरोधक पोलाद ब्रेअर्लीने त्याच शेफील्डमध्ये काढलं पण १९१३ साली.
टोक मात्र कारखान्यातून गोल येत नाही. ते नंतर कोणीतरी घासलंय.
बसलेलं पातं पकडीने ओढू नका, जुनी कमान तडकते. सांध्यात शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पुन्हा. घाई नको.

माझ्याकडे एकतीस आहेत. जमवायला लागलो तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं म्हणून एक फार महाग शिकलो, ते इथे लिहून ठेवतो. महूच्या एका भंगारवाल्याकडून कासवाच्या पाठीसारख्या मुठीचा देखणा चाकू घेतला आणि बाकीच्यांबरोबर एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवला. दोन पावसाळ्यांनी डबा उघडला तर आंबूस वास आणि शेजारच्या तिघांच्या पात्यांना खड्डे पडलेले. मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं, आसपासचं लोखंड खातं. त्या तिघांत वडिलांचा एक होता. सेल्युलॉइडवाला नेहमी वेगळा, हवेशीर जागी ठेवा. चामड्याच्या म्यानातही कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती फडकं आणि तेलाचा पुसट हात पुरतो.

रामबागकरीण
बापरे. वडिलांचा होता ऐकून वाईट वाटलं खूप. तेल घालते रात्री. टोकाचं ऐकून चकित झाले, आता कोणाला विचारू? बाबा पण नाहीत.

गराडूप्रेमी
धागा वाचून भूक लागली. थंडी सुरू होऊ द्या, आमचे काका गराडूचा कंद सोलायला त्यांचा घडीचाच चाकू घेतात. हाताला आधी तेल चोळायचं, नाहीतर दिवसभर खाज.

जुनीइंदूर
गराडू घरी?? सराफ्याच्या खाऊगल्लीत नाही?

गराडूप्रेमी
घरी हो. दोनदा तळायचे, वर जीरावन मसाला नि लिंबू. सराफ्यातल्यांना तोड नाही पण रात्री अकराला आईला घेऊन कोण जाणार

सुपारी
चाकू जन्मात बाळगला नाही, पण अडकित्ता चालेल का? माझ्या सासूबाईंचा पितळी, मोराच्या आकाराचा. मुलगा झाला तेव्हा बाराव्यापर्यंत त्याच्या उशाखाली होता आणि त्याच्याच लग्नात हळद लागल्यावर त्याच्याच हातात दिला. एकच वस्तू, तोच मुलगा, मध्ये सत्तावीस वर्षं. अडकित्ते बघायचे तर पुण्याला केळकर संग्रहालयात जा, मी तिथून हलतच नव्हते, यांना शेवटी खाली बाकावर बसवलं.
आणि एक, आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. नाहीतर भांडण होतं म्हणे. तुमच्याकडे?

पारिजात
आमच्याकडे पण! मिरची पण हातात देत नाहीत.

मालव्याचा
रामपुरीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचे मामा रामपूरला नोकरीला होते काही वर्षं. त्यांनी आणलेला पितळी मुठीचा, खटक्याचा. मामी हात लावू द्यायची नाही, म्हणायची हे गुंडांचं. मामा म्हणायचे, अगं ही कारागिरी बघ, पितळेवर मासा कोरलाय, खटका बघ कसा बसतो. पात्याला पाणी देणारा, म्हणजे तापवून कडक करणारा वेगळा, मूठ घडवणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा. नबाबांच्या काळापासूनची ही माणसं, आणि पिक्चरमधल्या खलनायकांमुळे नाव खराब झालं त्यांचं. मला मामांचंच पटतं. २०२३ मध्ये रामपूरच्या चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय, फोटो बघितला तेव्हा मामांची फार आठवण आली. ते असते तर गाडी काढून गेले असते.

कलमवाला
@मालव्याचा तो चाकू घरात ठेवायला परवाना लागतो का? विचारतोय कारण सासऱ्यांकडेही आहे एक

शिंगमूठ
शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू शस्त्रांत धरलेत. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले वगळून. जुने रामपुरी नऊ इंचांच्या पुढे सहज जातात, तेव्हा पातं मोजा. काही ठिकाणी खटक्याच्या चाकूंसाठी वेगळा आदेश असतो. दिल्लीत मर्यादा ७.६२ सेंमी, म्हणजे जेमतेम तीन इंच. त्यामुळे असला चाकू खिशात घालून प्रवास करू नका. आणि सांबरशिंगाची मूठ असलेला कोणी विकायला आला तर घेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. माझ्या नावातलं शिंग म्हशीचं आहे.

कलमवाला
धन्यवाद साहेब. आता माझा. वडील कृषी महाविद्यालयात माळी होते, हॉवर्डसाहेबांच्या इंदूर पद्धतीच्या कंपोस्टचं नाव जगभर गेलं तीच जागा. त्यांचा चाकू गुलाबाचे डोळे भरायचा, म्हणजे कलम करायचा. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ. पात्याने खुंटाच्या सालीवर टी सारखी चीर द्यायची, जिभेने साल अलगद उचलायची, लोखंड आतल्या हिरव्याला लागू द्यायचं नाही. डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. वडील तो चाकू भाजीला काय, सुतळीलासुद्धा लावू द्यायचे नाहीत. धार गेली तर साल चेंदते, डोळा धरत नाही.
ते गेले त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतः बारा डोळे भरले. तीन धरले. एक अजून फुलतोय अंगणात, गुलाबी. सध्या एवढंच, दुकान उघडायचंय.

रामबागकरीण
तीन धरले हे वाचून खूप छान वाटलं दादा.

बडोद्याची मावशी
मी बडोद्याहून. माहेर इंदूर, लोधीपुरा. इकडे चाकूला चप्पू म्हणतात आणि कच्छमधलं अंजार सूडीचप्पूचं गाव, सूडी म्हणजे अडकित्ता. लग्नानंतर पहिल्यांदा कच्छला गेले तेव्हा ह्यांनी घेऊन दिला, मुठीत पितळ आणि रंगीत पट्ट्या. बनवणाऱ्याने आमच्यासमोर पातं कानसलं, कागद कापून दाखवला, मग मुठीवर ह्यांचं नाव कोरलं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला, अंजार उद्ध्वस्त झालं. आम्ही बडोद्यात पलंग हलताना पाहिला. नंतर गेलो तर ती गल्लीच ओळखू येईना. त्या कारागिराचं काय झालं कधी कळलं नाही. चप्पू रोज वापरते, पेरू कापायला. दुसऱ्या कशाने पेरू कापवत नाही आता

लष्कर ग्वाल्हेर
मावशी, नि:शब्द.
धारेबद्दल राहिलं म्हणून लिहितो, मी फिटर होतो. जुना चाकू दारावरच्या सायकलच्या चाकवाल्याकडे देऊ नका. माणूस मेहनती असतो पण कोरडं चाक तापतं, पात्याची कड निळी पडली की पाणी उतरलं समजा, मग धार टिकतच नाही. घरी बारीक दगड घ्या, पाण्यात भिजवा. दगड आणि पात्याची पाठ यांच्यामध्ये दोन रुपयांची दोन नाणी मावतील एवढीच पाठ उचला आणि दगडाचा पापुद्रा काढल्यासारखं पुढे सरकवा. दोन्ही बाजूंना सारखं. उलट्या बाजूला नख फिरवलं की खरखर लागते, ती आली म्हणजे बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढा. वीस मिनिटं लागतात. मी रविवारी रेडिओ लावून बसतो.

चिमणी
माझा आता नाहीये. पहिल्या पगारातून बाबांना लाल स्विस घेतला होता, ढालीवर क्रूसवाला. त्यांनी अकरा वर्षं पँटच्या खिशात ठेवला, धुवायला टाकताना आई रोज काढायची. बाबा गेल्यावर मी माझ्या पर्समध्ये ठेवला आणि दोन वर्षांपूर्वी तसाच विमानतळावर घेऊन गेले. केबिनमध्ये चालत नाही हे मला माहीत होतं हो, पण तो चाकू आहे हेच डोक्यात नव्हतं, ते बाबांचं होतं. सामान आधीच गेलेलं. तिथल्या पेटीत टाकावा लागला. विमानात पूर्ण वेळ रडले.
सगळ्यांना हात जोडून सांगते, निघायच्या आधी पर्स झटका.

सुपारी
चिमणी, जवळ असतीस तर मिठी मारली असती.

जुनीइंदूर
+१. मी आत्ता उठून पर्स बघितली.

गराडूप्रेमी
माझ्या पर्समध्ये चमचा निघाला. काकांचा चाकू कोणता ते विचारलं, त्यांना माहीत नाही, वडिलांचा आहे म्हणाले. फोटो काढते रविवारी.

रामबागकरीण
दोन दिवसांनी येतेय. भिंगातून दिसलं, जी आर. मधला मुकुट झिजलाय पण आहे.

आणि टोकाचं. हा धागा आत्याला पाठवला होता, ती आता ब्याऐंशीची, देवासला असते. रात्री साडेदहाला तिचा फोन. म्हणाली, "टोक मी मोडलं गं. चौथीत होते. डालडाच्या डब्याचं झाकण उघडत होते, आई चुलीपाशी होती म्हणून विचारलं नाही. कट्ट केलं नि मोडलं. मिटून होता तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी अण्णा ओट्यावर बसले, उघडला, बघितला. आम्हा पाचांकडे एकदा बघितलं. काही बोलले नाहीत. पेन्सिली तासल्या सगळ्यांच्या. रात्री मागच्या दारी पाट्याजवळ घासल्याचा आवाज येत होता. सकाळी टोक गोल."

मी विचारलं मग तू त्यांना कधी सांगितलं नाहीस? म्हणाली नाही, पण त्या दिवशी माझी पेन्सिल त्यांनी सगळ्यात शेवटी तासली आणि चाकू माझ्या हातात दिला, मिट म्हणाले.

लहान पातं अजून हललेलं नाही. तेल रोज घालतेय.

शिंगमूठ
आठ दिवस द्या. वाटल्यास मुठीला थोडं ऊन दाखवा, जास्त नको, हाड तडकतं.