मुलगी 22 वर्षांची झाल्यावर फेडव्हिपचे काय?

मेरीलँडची आई
नमस्कार. मी अमेरिकेच्या केंद्र सरकारी सेवेत आहे. माझी मुलगी येत्या मार्चमध्ये 22 वर्षांची होईल. तिच्या दातांच्या तारांचे उपचार अजून वर्षभर चालणार आहेत आणि चष्म्याचा नंबरही दर वर्षी बदलतो. आरोग्य विमा 26 वर्षांपर्यंत असल्यामुळे फेडव्हिप, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचा दात आणि डोळ्यांचा विमाही तोपर्यंत राहील, असे मी गृहीत धरले होते. तसे नसल्याचे एका सहकाऱ्याने परवा सांगितले. उपचार अर्धवट असतील तर काही सवलत मिळते का?

जुना कर्मचारी
ताई, सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. 26 वर्षांची मर्यादा 2010 च्या आरोग्यसेवा कायद्यामुळे आली आणि 2011 पासून आपल्या आरोग्य विम्याला लागू झाली. फेडव्हिप मात्र 2004 च्या वेगळ्या कायद्याने निर्माण झालेला कार्यक्रम असून त्यात अविवाहित अपत्याला 22 वर्षे पूर्ण होईपर्यंतच संरक्षण मिळते. मुलगी कॉलेजात शिकत असली तरी मुदत वाढत नाही. वयाच्या 22 वर्षांपूर्वी आलेल्या अपंगत्वामुळे जे अपत्य स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, त्याचे संरक्षण पुढेही चालू राहते. आरोग्य विमा संपल्यावर मिळणारी 31 दिवसांची वाढीव मुदत येथे नाही, आणि हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

दोन मुलांचा बाबा
आमच्या मुलाच्या वेळी हाच फटका बसला. तारांचे पैसे विमा कंपनी उपचार चालतील तसे हप्त्याहप्त्याने देत होती, त्यामुळे वाढदिवसानंतरचे हप्ते आम्हाला स्वतः भरावे लागले. तुम्ही दंतवैद्यांकडून मार्चनंतरच्या खर्चाचा लेखी अंदाज आताच मागून घ्या आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या नावनोंदणीत तेवढी रक्कम एफएसए खात्यात, म्हणजे कर कापण्याआधीच्या पगारातून वैद्यकीय खर्चासाठी पैसे बाजूला ठेवण्याच्या खात्यात, ठेवा. मुलगी ज्या वर्षी 26 पूर्ण करील, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिचा दातांचा आणि चष्म्याचा खर्च त्या खात्यातून करता येतो. या खात्याची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते, हे कृपया विसरू नका. डोळ्यांची तपासणी आणि नवा चष्मा वाढदिवसाआधीच उरकून घ्या.

जुना कर्मचारी
आणखी एक. फेडव्हिपच्या हप्त्यात सरकारचा वाटा नसतो, सगळी रक्कम आपल्याच पगारातून जाते. तुमच्या विम्यात तुम्ही दोघीच असाल, तर मार्चनंतर ‘स्वतः अधिक एक’ हा प्रकार बदलून फक्त ‘स्वतः’ करून घ्या.

मेरीलँडची आई
होय, आम्ही दोघीच आहोत. दंतवैद्यांना आजच पत्र लिहिते. मनापासून आभार.