रॉकची गाणी 'लाउंज' ढंगात: याला विडंबन म्हणावं का?

प्रश्न: रिचर्ड चीज या नावाने गाणारा एक अमेरिकन गायक आहे. मेटल, रॅप, ग्रंज असली कानठळ्या बसवणारी गाणी तो टक्सिडो घालून, पियानोच्या साथीवर लाडेलाडे, 'लाउंज' ढंगात म्हणतो, म्हणजे हॉटेल-कॅसिनोच्या छोट्या बारमध्ये गातात तसं. शब्द मूळचेच, शिव्यांसकट. याला विडंबन म्हणावं का? आणि 'लाउंज'ला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद: विडंबन नको. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'पासून (१९२५) आपल्याकडे विडंबन म्हटलं की साचा मूळ कवितेचा आणि शब्द नवे. इथे नेमकं उलटं आहे. शब्दांना हात लावायचा नाही, बाकी सगळं बदलायचं. किंचाळून म्हटलेली ओळ हसतमुखाने, शब्द न् शब्द स्वच्छ उच्चारत म्हटली की तिच्यातला संताप गळून पडतो, आणि मग ती ओळ मुळात काय म्हणते आहे ते पहिल्यांदाच नीट ऐकू येतं. खरी गंमत तिथे आहे. टिंगल रॉकवाल्यांची की गोडगोड गाणाऱ्याची, हे मात्र सांगता येत नाही. मला वाटतं दोघांचीही.

त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'लाउंज अगेन्स्ट द मशीन'. २०००च्या पहिल्या अल्बमचंही तेच. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडच्या नावातला 'रेज', म्हणजे संताप, काढून टाकला! हे नाव तेवढं अस्सल अत्रे पद्धतीचं विडंबन.

प्रतिसाद: 'लाउंज'साठी 'बैठकीचं' कसं वाटतं? फडाची लावणी वेगळी, बैठकीची वेगळी, तसंच काहीसं.

प्रतिसाद: नाही पटत. बैठकीला ऐकणारा जाणकार असतो, दाद द्यायलाच बसलेला. लास व्हेगासच्या कॅसिनोंत बडे कलाकार मोठ्या सभागृहात गात, आणि लाउंजचं छोटं व्यासपीठ बाजूला असे. तिथे लोक जुगारातून उठून घोटभर प्यायला टेकायचे. लुई प्रिमा आणि कीली स्मिथ ही गायक जोडी १९५४पासून सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये गाई, तेही रात्री उशिरापर्यंत. निम्मं लक्ष पेल्यात असलेल्या माणसांना धरून ठेवायचं, म्हणून मधेच गप्पा, कोपरखळ्या, डोळे मिचकावणं. चीज नक्कल करतो ती या सगळ्या थाटाची. हल्ली हॉटेलांत वाजणाऱ्या संथ इलेक्ट्रॉनिक संगीतालाही 'लाउंज' म्हणतात, पण तो अर्थ वेगळा.

प्रतिसाद: मग गायक पॉल अँकाही लाउंजवालाच का? २००५च्या 'रॉक स्विंग्ज'मध्ये त्याने निर्वाणा, ओएसिस, साउंडगार्डन या रॉक बँडांची गाणी मोठ्या ब्रास वाद्यवृंदासह म्हटली आहेत.

प्रतिसाद: तिथे चेष्टा नाही, गडी मनापासून गातो. 'स्विंग' म्हणा. ठोक्याचे दोन भाग सारखे न ठेवता पहिला लांबवायचा नि दुसरा आखडायचा, त्यातून लयीला झोका मिळतो, तो स्विंग. चीजही स्विंग वापरतो, पण स्विंग ही लय आहे आणि लाउंज हा आविर्भाव. दोन्ही शब्द ठेवा, एकाच्या जागी दुसरा नको.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'रॉकची गाणी लाउंज ढंगात गाणारा' असं लिहितो. 'शैली'पेक्षा 'ढंग' बरा वाटतो, त्यात थोडा नखरा आहे.

प्रतिसाद: चालेल. फक्त 'लाउंजगायक' असा जोडशब्द करू नका, विमानतळावर नोकरीला असल्यासारखा वाटतो.