भागाकाराचा सराव: भिंतीवर कार्डं लावून की वहीतच?

चौथीची बाई:
गेल्या आठवड्यात वर्गात भागाकाराचा ट्रेझर हंट घेतला. झेडपीची शाळा, 24 पोरं, 12 जोड्या, 12 कार्डं. कार्डावर वर एक उत्तर, खाली नवीन गणित. 84 भागिले 7 केलं की 12 चं कार्ड शोधायचं, तिथं 135 भागिले 5, मग 27 चं कार्ड, असं करत जिथून निघालो तिथंच परत यायचं. एरवी वही काढा म्हटलं की खाली मान घालणारी पोरं मधल्या सुट्टीतसुद्धा कार्डांपुढे उभी होती. माझ्या मते आठवड्यातून एकदा तरी सराव असाच घ्यावा.

जुना मास्तर:
बाई, मला नाही पटलं. एका तासात गणितं किती झाली, पाच-सहा? तेवढ्यात वहीत दहा होतात. भागाकार अडतो पाढ्यांवर, ज्याला सातचा पाढाच येत नाही तो हुशार पोराच्या मागे मागे जाणार. मी घेऊन बघितलंय, चारजण सोडवत होते आणि बाकी घोळका त्यांच्या पाठी.

चौथीची बाई:
म्हणूनच प्रत्येक जोडीला वेगळ्या कार्डावरून सोडलं सर, आणि वहीत भाग लावून दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही. मुख्य गोष्ट सांगते. 27 च्या कार्डावर 408 भागिले 4 होतं. मधलं शून्य विसरलं की उत्तर येतं 12, आणि 12 चं कार्ड भिंतीवर आहेच! मग पोरगं 12 वरून 27, 27 वरून परत 12, असं दोनच कार्डांत फिरत राहतं. एकजण येऊन म्हणाला बाई कार्ड चुकलंय. म्हटलं दशकाच्या शून्याला 4 चा भाग किती वेळा जातो ते लिहिलंस का? त्यानं स्वतः 102 केलं. वहीत असतं तर मी लाल फुली मारून पुढं गेले असते.

द्विशिक्षकी शाळा:
माझ्याकडं तिसरी-चौथी एकाच खोलीत, एक वर्ग पळायला लागला की दुसऱ्याचं शिकवणं बंद, ते एक असो. माझा आक्षेप वेगळाय. तुमच्या कार्डांत बाकी कुठंय? 30 पोरं सहलीला न्यायचीत, एका जीपमध्ये 8, जीप किती? पोरं बिनधास्त 3 लिहितात, बाकी 6. ती 6 पोरं काय घरी बसवायची? उत्तर जुळवत फिरण्यात हा विचारच होत नाही.

जुना मास्तर:
शून्याचं पटलं, ते मी उद्याच फळ्यावर घेतो. पण असर म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं याची पाहणी, तिच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम 30 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत होतं. अशा वेळी आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सुटे करून वाटून दाखवा, पाढे पक्के करा, खेळ नंतर.

चौथीची बाई:
गठ्ठे मी दिवाळीआधीच घेतलेत सर, पण पाढे पक्के होईपर्यंत थांबा हे मान्य नाही, सातचा पाढा न येणारी माझी मुलगी 84 मधून सात-सात वजा करत 12 पर्यंत पोचली, वेळ लागला, पण पोचली. जीपचं गणित मात्र घेतेच. 3 चं आणि 4 चं, दोन्ही कार्डं लावते.